लहान गांवाचा पोलीस आणि त्याचा धनी

गांवांत पोलीस असावेत याविषयीं गांवकऱ्यांत सहसा दुमत नसतें. त्यांचा पगार कोणीं द्यावा व त्यांनीं हुकूम कोणाचा मानावा, हे दोन प्रश्न निघाले म्हणजे मात्र एकमत मोडतें. इंग्लंडमधील लहान शहरांनीं या दोन प्रश्नांचा घोळ सव्वाशें वर्षांहून अधिक काळ घातला. सर रॉबर्ट पील यानें 1829 सालीं लंडनांत पोलीसदल उभें केलें, ही हकीकत पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. परंतु तें दल गृहमंत्र्याच्या हाताखालीं होतें. सनदी शहरांची गोष्ट निराळी. 1835 च्या कायद्यानें अशा 178 शहरांस आज्ञा झाली कीं, नगरसभेच्या सभासदांतून एक पहारा समिती निवडावी, आणि त्या समितीनें शिपाई नेमावे, त्यांचे नियम करावे व जरूर पडल्यास त्यांस काढूनही टाकावें.

आतां ही समिती म्हणजे कोण? गांवांतील दुकानदार, कारखानदार, आणि पुष्कळ ठिकाणीं दारू गाळणारे व गुत्त्यांचे मालक. रात्रीं शिपायानें ज्या गुत्त्याच्या दाराशीं थांबून आंत वेळेनंतर पेले वाजतात काय हें ऐकावयाचें, त्याच गुत्त्याचा मालक सकाळीं त्याची नोकरी ठेवण्या-न ठेवण्याचा विचार करावयास बसे. शिपायाचे कान अशा वेळीं किती तीक्ष्ण राहत असतील तें सांगावयास नको!

शिपायांच्या संख्येचा हिशेबही मौजेचा आहे. 1839 सालीं परगण्यांसाठीं जो पोलीसकायदा झाला, त्यांत हजार वस्तीस एक शिपाई ही कमाल मर्यादा घातली होती. तेंच माप पांच हजार वस्तीच्या एखाद्या शहरास लावून पाहूं. शिपाई पांच. पैकीं एक मुख्य. तो कचेरी, कोर्ट व बाजार यांत गुंतलेला. शिवाय गांवची घाण, वजनें-मापें आणि आगीचा बंब हीं खातींही पुष्कळदां त्याच्याच गळ्यांत. उरले चार. लंडनांत दोन तृतीयांश शिपाई रात्रीं ठेवीत. त्या मानानें येथें रात्रीं तिघे व दिवसा एक. ताशीं अडीच मैल ही गस्तीची ठराविक चाल. म्हणजे आठ तासांच्या रात्रींत वीस मैल. रात्रीं चोर धरला तर सकाळीं साक्षीसाठीं कोर्टांत उभें राहावयाचें, तें झोपेंतून वजा. आठवड्याची सुटी कायद्यानें मिळूं लागली ती 1910 पासून. एक शिपाई तापानें अंथरुणावर पडला व दुसरा कैद्यास घेऊन तुरुंगाच्या गांवीं गेला, कीं त्या रात्रीं सारें गांव एका माणसाच्या स्वाधीन.

आणि त्या एकावर नजर कोणाची? मोठ्या शहरांत नेमल्या मिनिटास नेमल्या कोपऱ्यावर सार्जंट शिपायाची गांठ घेई, आणि सार्जंटावर इन्स्पेक्टरची नजर असे. लहान गांवांत ही उतरंड रचावयास माणसेंच नाहींत. तेथें शिपायाची परीक्षा दुसऱ्या दिवशीं दुकानदार करी : माझें दार उघडें राहिलें तें तुझ्या ध्यानांत कां आलें नाहीं? ही देखरेख अगदींच निरुपयोगी नव्हती. परंतु ज्याचें दार त्याचीच तक्रार, आणि ज्याचें दुकान नाहीं त्याच्या वतीनें विचारणारा कोणी नाहीं.

या कारभारांत हात घालण्याचा सरकारचा पहिला प्रयत्न फसला. लॉर्ड पामर्स्टन यानें गृहमंत्री असतांना 1854 सालीं आणलेलें विधेयक शहरांच्या ओरडीमुळें मागें घ्यावें लागलें. 1856 सालीं सर जॉर्ज ग्रे यानें निराळी युक्ति काढली. शहरांची सत्ता त्यानें काढून घेतली नाहीं; सरकारी तपासनीस जाऊन पाहतील, आणि संख्या व शिस्त समाधानकारक आढळल्यास पगार व गणवेश यांच्या खर्चाचा चौथा हिस्सा तिजोरींतून मिळेल, एवढेंच ठरविलें. पहिल्याच पाहणींत सुमारें निम्मीं दलें नापास झालीं. युक्ति चतुर होती यांत शंका नाहीं. परंतु पांच हजारांहून कमी वस्तीचें शहर परगण्याच्या दलांत सामील न झाल्यास त्यास दिडकीही मिळावयाची नव्हती. म्हणजे ज्यांस गरज अधिक तींच बाहेर राहिलीं. तरी अनेकांनीं परगण्याचा रस्ता धरला नाहीं. पैसा गेला तर जावो, पण शिपाई आपला असावा! मला हा हट्ट सर्वस्वीं मूर्खपणाचा वाटत नाहीं. आपल्या गल्लीबोळांची ओळख असलेला माणूस दूरच्या कचेरीच्या हुकुमानें आज येथें, उद्यां तेथें बदलून जावा, हें कोणास रुचेल?

आमच्याकडे हा वाद उद्भवलाच नाहीं. 1861 च्या पोलीसकायद्यानें जी घडी बसली तींत शिपाई जिल्ह्याच्या सुपरिंटेंडेंटाचा, व त्यावर सर्वसाधारण ताबा मॅजिस्ट्रेटचा. नगरपालिकेच्या अध्यक्षास रस्त्यांतील कंदील लावतां येत. कंदिलाखालीं उभ्या असलेल्या शिपायास हुकूम देतां येत नसे.

इंग्लंडांत 1874 सालीं मदत निम्म्यापर्यंत वाढली, आणि 1888 च्या कायद्यानें दहा हजारांखालील शहरांचीं दलें परगण्यांत विलीन झालीं. पैशाचा प्रश्न असा बहुतेक मिटला, हुकुमाचा राहिला. ओल्डहॅमच्या पोलिसांनीं फिशर नांवाच्या भलत्याच माणसास पकडलें, तेव्हां त्यानें नगरसभेवर फिर्याद केली. 1930 सालीं न्यायाधीश मॅकार्डी यानें निकाल दिला कीं, अटक करणारा शिपाई हा नगरसभेचा नोकर नव्हे. त्याचा अधिकार कायद्यानें त्याचा स्वतःचा आहे. फिशरला नगरसभेकडून भरपाई मिळाली नाहीं. पोलिसांच्या अधिकाऱ्यांस मात्र मोठें हत्यार मिळालें.

तें हत्यार 1959 सालीं नॉटिंगहॅमला उपसलें गेलें. तेथील मुख्य पोलीस अधिकारी कॅप्टन पॉपकेस यानें नगरसभेच्या कांहीं सभासदांच्या व्यवहारांची चौकशी चालविली होती. पहारा समितीनें तिचा अहवाल मागितला. गुन्ह्याचा तपास हा समितीच्या अधिकारांतला विषय नाहीं, असें सांगून त्यानें तो देण्याचें नाकारलें. समितीनें त्यास तहकूब केलें. गृहमंत्री बटलर मध्यें पडला, आणि समितीस त्याला पुनः कामावर घ्यावें लागलें. त्याच वर्षाच्या अखेरीस तो निवृत्त झाला. पुढें रॉयल कमिशन बसलें, आणि 1964 च्या कायद्यानें पहारा समित्या गेल्या. त्यांच्या जागीं जीं मंडळें आलीं त्यांत दोन हिस्से नगरसभासद व एक हिस्सा मॅजिस्ट्रेट, अशी वांटणी ठरली.