पांडवलेणी, नाशिक
नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील २४ बौद्ध लेणी लोकपरंपरेने पांडवांची ठरविली, आणि क्षत्रप राजा नहपानाचा जामात उषवदात याने दान दिलेल्या दहाव्या लेण्यातील मागील भिंतीवरचा स्तूप तर पुढे छिन्नीने तासून भैरवाच्या रूपात बदलण्यात आला. मूळ दात्यांस त्यांचे श्रेय परत मिळाले ते टाकी-चुन्याच्या डागडुजीने नव्हे, शिलालेखांच्या वाचनाने. रा. गो. भांडारकरांनी १८७४ च्या लंडन प्राच्यविद्या परिषदेसाठी आणि भगवानलाल इंद्रजींनी १८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरसाठी हे लेख उलगडले; ही कामगिरी कोणत्याही जीर्णोद्धाराहून थोर मानावी. भैरवाखाली लोपलेल्या स्तूपाची कल्पना सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने दान दिलेल्या तिसऱ्या लेण्यातील अभंग स्तूपावरून येते.