झुंबराखाली उभे राहून

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील दरबार हॉलमध्ये शिरताच मान आपोआप वर जाते. प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची दोन झुंबरे तिथे टांगलेली आहेत. छत हे ओझे पेलेल की नाही, हे पाहण्यासाठी आधी त्यावर हत्ती चढवले होते, ही कथा तिथे येणाऱ्या प्रत्येकाच्या कानी पडते. कथा खरी असो वा रचलेली, तिच्यापाठोपाठ एक प्रश्न येतोच : एवढे वैभव नेमके कोणाला दाखवायचे होते?

जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये मायकेल फिलोज यांच्याकडून हा वाडा उभारून घेतला. पाठोपाठ १८७५-७६ च्या भारतदौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्स ग्वाल्हेरला आले. जयाजीराव लहान असतानाच, १८४३ च्या महाराजपूरच्या पराभवानंतर इंग्रजांनी शिंद्यांची फौज छाटली होती. जून १८५८ मध्ये तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर चालून आले, तेव्हा उरलेल्या फौजेतील बहुतेक शिपाई त्यांना मिळाले आणि महाराजांना आग्र्याची वाट धरावी लागली. इंग्रजांनी त्यांना गादी परत दिली; किल्ल्यावर मात्र आपली फौज ठेवली. झाशीच्या मोबदल्यात किल्ला परत आला तो १८८६ मध्ये, जयाजीरावांच्या मृत्यूच्याच वर्षी. म्हणजे ही झुंबरे उजळली, तेव्हा टेकडीवरचा किल्ला परक्यांच्या हाती होता.

हे ध्यानात घेऊन पुढची दालने पाहिली, की काचेच्या कठड्यांचा जिना आणि युरोपीय सामान निराळे बोलू लागते. माधवराव शिंद्यांच्या काळातील चांदीची आगगाडी मेजावरच्या रुळांवरून पाहुण्यांना मद्य व सिगार पोचवी. सुरई उचलली की गाडी थांबे. ज्या घराण्याच्या महादजींनी दिल्लीच्या बादशहाला आपल्या छत्राखाली घेतले, त्याच घराण्याची ही यजमानी. तलवारीला वाव उरला नाही, तेव्हा मानमरातब राखण्याचे काम काचेवर आणि चांदीवर आले.

१९६४ पासून या वाड्याचा काही भाग संग्रहालय म्हणून सर्वांना खुला आहे. राणीची समाधीही याच शहरात, फुलबागेपाशी आहे. मराठी मन तिथे सहज नतमस्तक होते आणि शिंद्यांचा निकाल एका शब्दात लावून मोकळे होते. वर्गात १८५७ वरील कादंबऱ्या शिकवताना आपणही तेच करतो. विद्यार्थ्यांना समाधीपाशी जरूर न्यावे. पण त्याच दिवशी या झुंबरांखालीही उभे करावे. पराभवानंतर जगत राहिलेल्यांचा इतिहासही मराठीच आहे.