गाणं समाजाचं, मग शाहिराचं काय?



आमच्या कसबे वणीत गेल्या भीमजयंतीला मंडळाच्या पोरांनी वामनदादा कर्डकांचं एक गीत गायलं. ढोलकी घरची, हार्मोनियम उसनी आणलेली, गाणारा पोरगा दिवसा मोबाईल दुरुस्त करतो आणि रात्री रियाज करतो. गाणं रंगलं. कुणीतरी व्हिडिओ काढला, यूट्यूबवर टाकला. दोन दिवसांत संदेश आला की या गाण्यावर एका संगीत कंपनीचा कॉपीराइट आहे आणि व्हिडिओच्या जाहिरातीचं उत्पन्न तिला जाईल. पोरगं घाबरलं. आपल्यावर केस होणार, पोलीस घरी येणार, या धास्तीनं त्यानं आम्हाला कळण्याआधीच व्हिडिओ काढून टाकला.

आम्ही जमलो तेव्हा सगळे एका सुरात बोलले, "वामनदादा काय कंपनीचे आहेत का? गाणं समाजाचं आहे!" टाळ्याही पडल्या. मग एका म्हाताऱ्या कार्यकर्त्यानं विचारलं, "कंपनीनं दादांच्या घरच्यांना विचारलं की नाही ते आपल्याला ठाऊक नाही. पण आपण विचारलं होतं का?" बैठक गप्प झाली. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

आधी ज्यांच्या गाण्यावरून हे झालं त्यांच्याविषयी. वामनदादा आमच्याच जिल्ह्याचे. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव, जन्म १९२२ चा. मुंबईत कष्ट करता करता अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचक झाले. १९४३ मध्ये पहिलं गीत रचलं, तेही एका हिंदी गाण्याचं विडंबन. त्यानंतर २००४ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, गाणी लिहिली आणि खेड्यापाड्यांत जाऊन गायली. दादांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात बहुधा 'वामन' येतो. संतांच्या अभंगापासून चालत आलेली ही नाममुद्रा. कागद-कचेरी ज्यांच्या वाट्याला आली नाही, त्यांनी आपली मालकी अशी गाण्यातच शिवून ठेवली. आता आजचे कॅसेट-व्हिडिओ ऐका. कितीतरी ठिकाणी ते शेवटचं कडवंच कापलेलं असतं, कुठे 'वामन'च्या जागी गायकाचं नाव घुसवलेलं असतं. हे करणारे बाहेरचे कमी आणि आपलेच जास्त आहेत, हे आम्ही लाजेनं लिहितो.

कायदा याला काय म्हणतो? कॉपीराइट कायदा १९५७ चा, अंमल जानेवारी १९५८ पासून. त्याचं कलम ५७ सांगतं की लेखकानं आपले सगळे आर्थिक हक्क विकले तरी दोन हक्क त्याच्यापाशीच राहतात. ही रचना माझी आहे असं सांगण्याचा, आणि तिची मोडतोड करून माझी अब्रू घालवू नका असं बजावण्याचा. लेखक गेल्यावर त्याचे वारस हे हक्क बजावू शकतात. म्हणजे 'वामन' कापणं हा नुसता कृतघ्नपणा नाही, त्यावर कोर्टात दाद मागता येते.

हा हक्क कायद्याच्या पुस्तकात येण्याच्या वीस वर्षं आधी बाबासाहेबांनी तो वापरून दाखवला होता. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं आणि भाषणाचा मसुदा वाचून त्यातला काही भाग वगळायला सांगितलं. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. मंडळानं परिषद रद्द केली, आणि बाबासाहेबांनी भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. पंधराशे प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. त्या वेळी हिंदुस्थानात १९१४ चा कायदा होता, इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यावरून घेतलेला. त्यात मोडतोडीविरुद्धचा असा हक्क नव्हता. 'जातिनिर्मूलन' आज अखंड हाती येतं ते एका लेखकानं आपले शब्द कुणाच्या ताब्यात दिले नाहीत म्हणून. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि स्वतःचा छापखाना यांमागेही तोच हिशेब होता. दुसऱ्याच्या छापखान्यात आपलं म्हणणं किती उरेल हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता बाबासाहेबांचं साहित्य छापायला परवानगी लागते का, हा प्रश्न आम्हाला प्रत्येक जयंतीला विचारला जातो. याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही आणि इथेच पुष्कळ जण फसतात. लेखकाच्या हयातीत छापलेल्या लेखनावर त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. आधी ही मुदत पन्नास होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत होती, तेव्हा ती वाढवली गेली. (कवी शांतिनिकेतनचा असला की संसद लगबगीनं हलते, एवढंच म्हणतो.) बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चं. म्हणून 'जातिनिर्मूलन', 'शूद्र पूर्वी कोण होते?' यांसारखी त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं १ जानेवारी २०१७ पासून मुक्त आहेत. कुणीही छापावीत, वाटावीत.

पण लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाला कलम २४ लागतं. तिथे साठ वर्षं मोजायची ती प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये आला, तो २०१८ पासून मुक्त झाला. 'रिडल्स इन हिंदुइझम' मात्र महाराष्ट्र शासनाच्या खंडमालेत १९८७ मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं. त्याचा हक्क २०४७ अखेरपर्यंत जिवंत आहे. एकाच माणसाची दोन हस्तलिखितं, आणि त्यांच्यात तीस वर्षांचा फरक! शिवाय मूळ पुस्तक मुक्त झालं तरी त्याचा मराठी अनुवाद मुक्त होत नाही. अनुवादकाचा हक्क त्याच्या स्वतःच्या मृत्यूपासून मोजला जातो. मूळ इंग्रजीवरून स्वतः अनुवाद करा आणि छापा, तुम्हाला कुणी अडवणार नाही. दुसऱ्याचा अनुवाद उचलून वर आपल्या मंडळाचं नाव टाकलं, तर अडवेल आणि अडवायलाच हवं.

'रिडल्स'चा इतिहास तरुणांना ठाऊक असावा म्हणून थोडं थांबतो. राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टावरून शिवसेनेनं गदारोळ केला, ते वगळावं म्हणून दबाव आणला. १९८८ मध्ये आपला समाज लाखोंच्या संख्येनं मुंबईत रस्त्यावर उतरला, तेव्हा कुठे ते परिशिष्ट राहिलं, शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप जोडून. आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये 'लोकसत्ता'तल्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली की या खंडांची छपाई रखडली का. कुलूप ज्याच्या हाती, तोच दार उघडं ठेवायचं की बंद ते ठरवतो. कॉपीराइट हा विषय वकिलांपुरता नाही असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

आमच्या तालुक्याचा एक धागाही यात आहे. दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, वणीचा तालुकाही तोच. काळाराम सत्याग्रहाच्या काळात आणि नंतरही बाबासाहेबांनी त्यांना कितीतरी पत्रं लिहिली. आता सांगा, पत्राचा मालक कोण? ज्याला आलं तो, असं बहुतेकांना वाटतं. १७४१ मध्ये लंडनला अलेक्झांडर पोप या कवीची पत्रं एका पुस्तकविक्याने परस्पर छापली, तेव्हा न्यायाधीशानं निकाल दिला की कागद मिळालेल्याचा, शब्द लिहिणाऱ्याचे. तेच तत्त्व आजही चालतं. तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत एखाद्या पुढाऱ्याचं पत्र निघालं तर कागद तुमचा, जपून ठेवा, पण न छापलेल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांचा असू शकतो. छापण्याआधी पाहून घ्या.

पुन्हा गाण्याकडे. आपल्याकडे सत्यशोधक जलसा होता, मग आंबेडकरी जलसा आला. शाहीर भीमराव कर्डकांनी १९७८ मध्ये 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' लिहून तो इतिहास नोंदवला नसता, तर आज तो आपल्या हाती नसता. जलशातलं गाणं एकाकडून दुसऱ्याकडे फुकट जायचं, त्यातच त्याची ताकद होती. कुणी परवाना मागत बसलं असतं तर चळवळ गावोगाव पोचलीच नसती. आम्हाला हे मान्य आहे. पण ते फुकट देणं शाहिराचं होतं. त्यानं समाजाला दिलं. बाजाराला दिलं होतं असं कुणी म्हटलं? पुढे कॅसेटचा धंदा आला. आमच्या भागातले जुने गायक सांगतात की रेकॉर्डिंगच्या दिवशी हातावर मानधन ठेवायचे आणि इंग्रजीतल्या कागदावर सही घ्यायचे, काही वेळा तेवढंही नाही. गाणं 'समाजाचं' होतं म्हणून शाहिरानं काही मागितलं नाही, आणि नेमकं त्यामुळेच ते ज्याच्याकडे यंत्र होतं त्याचं झालं.

मग कंपनीचा दावा खरा की खोटा? एका गाण्यात तीन-चार हक्क असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण ते करवून घेणाऱ्याचं, आणि गाणाऱ्याचाही स्वतःचा हक्क असतो. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनापासून साठ वर्षं. आमच्या पोरानं कंपनीचं ध्वनिमुद्रण वापरलं नव्हतं, स्वतःच्या गळ्यानं गायलं होतं. त्यामुळे निव्वळ ध्वनिमुद्रणाच्या जोरावर कंपनीला त्यावर हक्क सांगता येत नाही. शब्द किंवा चाल कंपनीच्या नावे झाली असेल तर तो कागद तिनं दाखवावा. कारण लेखी आणि सही केलेला करार नसेल तर हक्क हस्तांतरित होतच नाही, तोंडी व्यवहाराला इथे किंमत शून्य. १९९५ पासून पुढच्या करारांत मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी पुढे जाऊन सांगितलं की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा हक्क कागदावर स्पष्ट लिहिल्याशिवाय जात नाही, आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा काढून घेता येत नाही. जुन्या कॅसेटच्या कागदांना हे नवे नियम आपोआप लागत नाहीत, तिथे कागदावरचे शब्दच बघावे लागतात. म्हणून घरातले ते जुने कागद रद्दीत घालू नका.

ही २०१२ ची दुरुस्तीही सहज मिळालेली नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटगीतांचे हक्क निर्मात्याकडे जातात असा निकाल दिला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी कलावंतांच्या बाजूनं वेगळी टीप जोडून संसदेला कायदा बदलायला सुचवलं होतं. बदलायला पस्तीस वर्षं लागली.

यूट्यूबच्या दाव्याला घाबरून व्हिडिओ काढण्याचं तर काहीच कारण नव्हतं. असा दावा म्हणजे कोर्टाची नोटीस नव्हे. त्यावर आक्षेप नोंदवता येतो, आणि दावा करणाऱ्यानं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर तो सुटतो. आणि जयंतीच्या मंचावर गाण्याचं काय? हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणाला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तीच गोष्ट इंटरनेटवर टाकली की ती सूट पुरत नाही. तिथे दादांच्या वारसांची परवानगी हवी. दादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांचं साहित्य २०३० च्या पहिल्या दिवशी मुक्त होईल. नाशिकचे बाबुराव बागूल २००८ मध्ये गेले, त्यांच्या कथांना अजून चाळीसहून जास्त वर्षं आहेत.

सिनेमाच्या चालीवर भीमगीत लिहिणाऱ्यांना एक सांगायचं राहिलं. शब्द तुमचे, चाल मात्र परक्याची. दावा येतो तो बहुधा त्या चालीपायी. आपल्या पोरांत चाल बांधणारे कमी नाहीत, त्यांना संधी द्या.

नवं लिहिणाऱ्यांसाठी: हक्क मिळवायला नोंदणी सक्तीची नाही, रचना कागदावर किंवा फोनमध्ये उतरली की हक्क जन्माला येतो. नोंदणी हा पुरावा आहे. गीतासाठी सरकारी शुल्क पाचशे रुपये, अर्ज ऑनलाइन. गायन पार्टीच्या नावाला मात्र कॉपीराइट नसतो, त्यासाठी ट्रेडमार्क. तो दहा वर्षांचा आणि पुन्हा पुन्हा वाढवता येतो. अर्ज एकाच्या नावे करायचा की सगळ्या पार्टीच्या, हे भांडण व्हायच्या आधी ठरवा. पेटंट हा तिसरा प्रकार, तो गाण्याला नाही, यंत्राला. आमच्याकडच्या एका द्राक्षवाल्याच्या पोरानं औषध फवारणीच्या ब्लोअरमध्ये छान सुधारणा केली आणि कौतुकानं तिचा व्हिडिओ सगळीकडे पाठवला. पेटंटला वस्तू जगासाठी नवी लागते. अर्जाआधीच स्वतः जाहीर केली की तो नवेपणा बहुधा संपतो. त्यानं आम्हाला विचारलं तेव्हा उशीर झाला होता.

वणीच्या मंडळानं त्या बैठकीत दोन गोष्टी ठरवल्या. यापुढे जे गाणं नेटवर जाईल त्याखाली गीतकार, संगीतकार, गायक यांची नावं येतील आणि 'वामन'चं कडवं कापलं जाणार नाही. आणि गीतकाराच्या घरी आधी जाऊन विचारायचं, लेखी घ्यायचं, काही द्यायचं असेल तर द्यायचं. पोरानं तो व्हिडिओ फोनमध्ये जपून ठेवला आहे. परवानगीचा कागद आला की पुन्हा टाकणार आहे, शेवटच्या कडव्यासकट.