चार मिलिमीटरचा झरोका : घरगुती रेझिन-ओतकामाचा इतिहास

१/ ब्रिटनमधील जुन्या आगगाड्यांची छायाचित्रे पाहताना डब्याच्या छताकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. त्या छतावर आतली कोंदट हवा बाहेर खेचणारे लहान लहान झरोके ओळीने बसवलेले असतात. मूळ डब्यावर फूटभर लांबीचा असा झरोका प्रतिकृतीत अवघा चार मिलिमीटरचा, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान होतो. तो घरच्या टेबलावर, हाताने केलेल्या साच्यात ओतून घडवणारे हजारो हौशी लोक जगभर आहेत. आजचा धागा त्या दाण्याएवढ्या वस्तूचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल, पण यात दोन महायुद्धांमधले रसायनशास्त्र आहे, जळून गेलेले डबे आहेत आणि पाठचिकित्साही आहे.

२/ आधी मापाचा हिशेब. ब्रिटनमध्ये सर्वाधिक रुळलेल्या प्रमाणात एका फुटाला चार मिलिमीटर धरतात. १९५१ पासून धावू लागलेला ब्रिटिश रेल्वेचा ‘मार्क वन’ डबा ६४ फूट ६ इंच लांब. प्रतिकृतीत तो २५८ मिलिमीटर होतो. गंमत अशी की डबा या प्रमाणात असला, तरी रूळ मात्र १६.५ मिलिमीटर रुंदीचे. खऱ्या रुळांमधील अंतर ४ फूट साडेआठ इंच, म्हणजे या हिशेबाने १८.८३ मिलिमीटर हवे. खेळण्यांच्या बाजारपेठेने केलेली ही तडजोड अनेकांना इतकी खुपली की १९६६ मध्ये ‘प्रोटोफोर’ नावाची अचूक मापांची पद्धतच मांडली गेली. सव्वादोन मिलिमीटरसाठी एवढा अट्टहास करणारी माणसे बाजारातल्या ढोबळ झरोक्यावर समाधान मानतील, हे शक्यच नव्हते.

३/ बाजार तरी काय देत होता? लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये पत्र्याच्या आगगाड्या विकायला काढल्या. त्या डब्यांच्या खिडक्या, दारे, मुठी सगळे पत्र्यावर छापलेले असे. पुढे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग आले आणि त्यांच्यासोबत एक रोगही आला. मिश्रधातूत शिशाचा अंश राहिला, की काही वर्षांनी तो भाग आतून फुगतो, तडकतो आणि बोटांत भुगा होतो. महायुद्धपूर्व काळातील कित्येक प्रतिकृती अशाच नष्ट झाल्या. दस्तऐवजांना वाळवी लागते, तशी ही धातूची वाळवी.

४/ दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचे युग अवतरले. रोजबड कंपनीने १९५९ मध्ये ‘किटमास्टर’ या नावाने इंजिने व डबे यांचे जोडसंच आणले. १९६२ मध्ये तिचे साचे एअरफिक्सकडे गेले. हे भाग सुरेख असत. पण त्यामागे पोलादाचा कोरीव साचा आणि वितळलेले प्लॅस्टिक प्रचंड दाबाने आत ढकलणारे यंत्र लागते. असा साचा परवडायचा, तर एकाच डब्याचे हजारो संच विकले गेले पाहिजेत. इथे अर्थशास्त्र इतिहासाच्या आड येते. जो डबा लोकप्रिय, त्याची प्रतिकृती निघते. एखाद्या लहानशा कंपनीने मोजकेच बांधलेले डबे कुणाच्याच हिशेबात बसत नाहीत.

५/ आणि ब्रिटनमध्ये अशा लहान कंपन्या खंडीभर होत्या. १ जानेवारी १९२३ रोजी सुमारे १२० कंपन्यांचे विलीनीकरण होऊन चार मोठ्या कंपन्या उरल्या. १ जानेवारी १९४८ रोजी त्यांचेही राष्ट्रीयीकरण झाले. प्रत्येक जुन्या कंपनीची डबे बांधण्याची रीत निराळी होती. छताचा बाक, पायरीचा कोन, दाराची मूठ, झरोक्याचा आकार, सारे आपापले. १९५० आणि ६० च्या दशकांत हे लाकडी डबे मोडीत निघाले. मोडीत काढण्याची सोपी पद्धत म्हणजे डबा पेटवून देणे आणि राखेतून लोखंड-पितळ वेचून घेणे. जे जळले त्याची मापे कुणी घेतली होती? कारखान्यांचे काही आराखडे उरले, काही गेले. १९५० मध्ये स्थापन झालेल्या ‘हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी’सारख्या हौशी मंडळींच्या संस्थेने आराखडे, छायाचित्रे आणि रंगांच्या नोंदी जमवायला सुरुवात केली. यॉर्कचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडले १९७५ मध्ये. म्हणजे पाव शतकानंतर. खेळणी करणारे म्हणून ज्यांची थट्टा होत असे, त्यांनी अभिलेखागाराचे काम आधी हाती घेतले होते, ही गोष्ट माझ्या मते पुरेशा आदराने सांगितली जात नाही.

६/ आराखडा मिळाला, पण त्यावरून एकसारखे डझनभर झरोके कसे करायचे? एक कोरता येतो. दुसराही येतो. पाचव्यापर्यंत हात थकतो आणि आठवा पहिल्यासारखा दिसत नाही. म्हणून साचा हवा. कथिल-शिशाच्या मिश्रधातूचे ओतकाम हा एक जुना मार्ग होता आणि छोट्या व्यावसायिकांनी तो खूप वापरला. मात्र त्याला उष्णता हवी, शिशाचा संसर्ग आला, शिवाय धातूचे झरोके छतावर ओळीने बसवले की हलका डबा वरच्या बाजूला जड होऊन वळणावर कलंडू पाहतो. घरच्या घरी, चुलीवाचून, हलक्या पदार्थाचे ओतकाम व्हायचे तर दोन वस्तूंची गरज होती : लवचीक साचा आणि आपोआप घट्ट होणारा रस.

७/ लवचीक साच्याची कथा नॉटिंगहॅमच्या प्रयोगशाळेत सुरू होते. फ्रेडरिक किपिंग या रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगांवर अनेक दशके काम केले. त्याला स्फटिक हवे होते. हाती यायचा तो चिकट लगदा. १९३७ मधील एका व्याख्यानात त्याने या शाखेतून नजीकच्या काळात फारसे काही निष्पन्न होईल अशी आशा दिसत नसल्याचे सांगितले. अवघ्या तीन वर्षांनी, १९४० मध्ये, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमधील यूजीन रोचो याने ही संयुगे स्वस्तात बनवण्याची प्रक्रिया शोधली. जर्मनीत रिचर्ड म्युलरही स्वतंत्रपणे तिथेच पोहोचला. उंचावर उडणाऱ्या लढाऊ विमानांच्या प्रज्वलन-यंत्रणेला ओल लागू नये, म्हणून त्या चिकट लगद्याला एकाएकी मोल आले. खोलीच्या तापमानालाच रबर बनणारे सिलिकॉन १९५० च्या दशकात बाजारात उतरले. किपिंग १९४९ मध्ये वारला होता.

८/ दुसरी वस्तू, पॉलियुरेथेन. लेव्हरकूझेन येथील आय. जी. फारबेनच्या प्रयोगशाळेत १९३७ मध्ये ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे रसायन सिद्ध केले. (आडनावावरून फसू नका, बायर कंपनीच्या संस्थापक घराण्याशी त्याचे नाते नव्हते.) हीच आय. जी. फारबेन पुढे ऑशविट्झजवळ कृत्रिम रबराचा कारखाना उभारून छळछावणीतल्या कैद्यांना तिथे मरेपर्यंत राबवणार होती. रेझिनची बाटली हातात घेणाऱ्याने अपराधी वाटून घ्यावे असे मी म्हणत नाही. पण पदार्थाचा इतिहास सांगताना त्याचे जन्मगाव वगळणे हा इतिहास नव्हे.

९/ आता प्रत्यक्ष ओतकाम. प्रथम पितळ किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून मूळ नमुना घडवतात. तो अतिशय निर्मळ हवा, कारण सिलिकॉन बोटाचा ठसासुद्धा उचलते. मुलांच्या लेगो ठोकळ्यांची चौकट करून तळाशी मऊ माती थापायची, नमुना तिच्यात अर्धा बुडवायचा आणि मातीत काही खळगे करायचे. वरून सिलिकॉन ओतले की खळग्यांचे उंचवटे होतात. पुढे साच्याचे दोन्ही भाग त्यांच्यामुळेच नेमके जुळतात. हे ओतायचे एका कोपऱ्यातून, सुतासारख्या बारीक धारेने. धार जितकी बारीक, तितके तिच्यातले बुडबुडे वाटेतच फुटतात. सिलिकॉन घट्ट झाल्यावर सगळे उलटायचे, माती काढायची, उघड्या सिलिकॉनवर व्हॅसलिनचा पातळ थर द्यायचा आणि दुसरा भाग ओतायचा. व्हॅसलिन विसरले, तर दोन भागांचा कायमचा एकच ठोकळा होतो. आणखी एक खाच : प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारे सिलिकॉन गंधकापुढे हार मानते. काही खेळमातींत गंधक असते. तिथे साचा दिवस उलटले तरी चिकटच राहतो.

१०/ रेझिनचे दोन द्रव समभाग घेऊन ढवळायचे. हाताशी मोजकी मिनिटे असतात. मिश्रण तापू लागते आणि पाण्यासारखा पारदर्शक रस पाहता पाहता दुधासारखा पांढरा होऊन घट्ट होतो. इथे एक उलटे वाटणारे सत्य आहे. जाड भाग लवकर घट्ट होतो, बारीक भाग उशिरा, कारण बारीक भागात क्रियेची स्वतःची उष्णता साठत नाही. घाई करून साचा उघडला तर छत ठीक आणि पायरी वाकडी, असा प्रकार घडतो. हवेतली ओल हाही शत्रूच. रेझिनमधील आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि वस्तू जाळीदार होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात, कोकणात तर विशेषच, उघडी राहिलेली बाटली म्हणजे वाया गेलेली बाटली.

११/ आयसोसायनेट हा शब्द भारतीय वाचकाला खटकला असेल, आणि खटकायलाच हवा. १९८४ मध्ये भोपाळमध्ये पसरलेला वायू मिथाइल आयसोसायनेट होता. ओतकामात बहुधा वापरली जाणारी संयुगे त्याच कुळातली असली, तरी फार कमी बाष्पशील असतात. पण कुळाचा गुण सुटत नाही. त्यांच्या वाफेने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अल्प मात्राही सोसत नाही. खिडक्या उघड्या ठेवणे, हातमोजे घालणे आणि योग्य गाळणीचा मुखवटा वापरणे ही यातली किमान शिस्त.

१२/ १९८० च्या दशकात अमेरिकेत वेस्टरफील्डसारख्या लहान उद्योगांनी मालडब्यांचे रेझिन-संच विकायला आणले. सिलिकॉनचा साचा काही डझन प्रतींनंतर फाटू लागतो. कारखानदाराच्या दृष्टीने हा दोष. पण ज्या डब्याचे चाहतेच शंभर-दोनशे असतील, त्याच्यासाठी हे अगदी योग्य तंत्र. मुद्रणाच्या इतिहासात शिळाप्रेसने जे काम केले, जवळपास तेच इथे रेझिनने केले : थोड्या वाचकांच्या मजकुरालाही छापील रूप दिले.

१३/ आता पाठचिकित्सा. या हौसेतला नैतिक वाद असा, की दुसऱ्याने विकलेला भाग आणून त्यावरूनच साचा करणे ही चोरी आहे. मूळ नमुन्यासाठी कुणीतरी आठवडे खर्ची घातलेले असतात. पण ही चोरी स्वतःचा पुरावा मागे ठेवते. रेझिन घट्ट होताना किंचित आकसते. अर्धा टक्का आकसले असे धरले, तर २५८ मिलिमीटरची बाजू सव्वा मिलिमीटरहून थोडी अधिक आखूड होते. प्रतीवरून प्रत काढली की आणखी तितकीच. चार मिलिमीटरच्या झरोक्यात हे दिसणार नाही, डब्याच्या लांब बाजूत मात्र मोजपट्टीवर दिसते. शिवाय मूळ साच्यातला एखादा बुडबुडा पुढच्या प्रत्येक प्रतीवर पुटकुळी होऊन उमटतो. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांनी हस्तलिखितांच्या शाखा ओळखल्या त्या सामाईक पाठभेदांवरून. लेखकाची चूक नकलाकाराकडे वारशाने जाते. रेझिनच्या डब्यांचीही अशी वंशावळ मांडता येते, आणि पद्धतीचे शिक्षण म्हणून मला ती पोथ्यांइतकीच उद्बोधक वाटते.

१४/ चक हल याच्या १९८६ च्या पेटंटपासून सुरू झालेले त्रिमितीय मुद्रण आता घरोघरी पोहोचले आहे. ओतकाम संपले, असे काहीजण घाईने जाहीर करतात. व्यवहारात बरेच हौशी कारागीर नमुना मुद्रित करतात, त्यावरच्या थरांच्या रेषा घासून काढतात आणि मग प्रती ओततात. ओताऱ्याचा धंदा नमुन्याच्या आधी संपत नाही.

१५/ शेवटी आपल्याकडे पाहू. पुण्यात कर्वे रस्त्याच्या परिसरात जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे धावत्या गाड्या पाहत तासभर सहज जातो. पण भारतीय डब्याची प्रतिकृती करायला बसलात, की पहिला प्रश्न रुळांचाच येतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. जगभर चालणाऱ्या १:८७ या प्रमाणात तो १९.२६ मिलिमीटर व्हायला हवा, आणि मिळतो तोच १६.५ मिलिमीटरचा रूळ. म्हणजे बोगी तयार आणून भागत नाही. एक तर खोटा अरुंद रूळ पत्करायचा किंवा सगळे स्वतः घडवायचे. पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी २ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाली, ती स्वित्झर्लंडमधील श्लीरेनच्या कंपनीच्या रचनेवर. खिडक्यांना आडवे गज आणि छतावर झरोक्यांची रांग असलेला तो डबा आपल्या तीन पिढ्यांनी वापरला. त्या रचनेचे उत्पादन तिथे २०१८ मध्ये थांबले. डबे अजून धावत आहेत, पण दरवर्षी मोडीत निघत आहेत. कुणाकडे मोजपट्टी, वही आणि आवश्यक ती परवानगी असेल, तर छतावरच्या त्या झरोक्याची मापे आत्ता घेता येतील.