कॅन्सर: दोष केवळ जनुकांचा नाही

कॅन्सरचे निदान झाले की घरोघरी एकच प्रश्न उठतो: आमच्या घराण्यात कुणाला नाही, मग हिलाच कसा झाला? या प्रश्नाला अलीकडे एक शास्त्रीय वाटणारे उत्तर रूढ झाले आहे. पेशीच्या जनुकात बिघाड होतो, ती बेबंद वाढू लागते, तिची गाठ बनते. आणि हा बिघाड कुणाच्याही शरीरात केव्हाही होऊ शकतो, त्याला काही इलाज नाही. या उत्तरात खरे आहे तेवढे मान्य करून ते अपुरे का आहे आणि त्या अपुरेपणाची किंमत कोण मोजतो, हे मला मांडायचे आहे.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी. जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोवेरी यांनी १९१४ सालीच लिहिले होते की कॅन्सरचे मूळ पेशीतल्या बिघडलेल्या गुणसूत्रांत असावे. त्याआधी १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठीचा गाळलेला अर्क निरोगी कोंबडीला टोचून तिच्यातही गाठ उत्पन्न केली होती. त्या अर्कात एक विषाणू होता. राऊस यांना नोबेल मिळायला १९६६ साल उजाडले, तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. पुढे १९७६ मध्ये अमेरिकन संशोधक बिशप आणि व्हार्मस यांनी दाखवले की त्या विषाणूतले कॅन्सरकारक 'सार्क' जनुक मुळात कोंबडीच्याच निरोगी पेशीतले आहे. १९८२ मध्ये माणसाच्या मूत्राशयाच्या कॅन्सर-पेशींत 'रास' जनुकातले अवघे एक अक्षर बदललेले सापडले. २००१ साली इमॅटिनिब हे औषध आले. एका ठरावीक जनुकीय बिघाडावर नेमका घाव घालून त्याने रक्ताच्या एका कॅन्सरचे रूपच पालटून टाकले. आणि २०१५ मध्ये टोमासेटी व व्होगेलस्टाइन या संशोधकांनी हिशेब मांडला की ज्या अवयवात मूलपेशी जास्त वेळा विभागतात तिथे कॅन्सर जास्त होतो. प्रत्येक विभाजनात नकलेची चूक होण्याचा संभव असतो, म्हणून कॅन्सरमध्ये दुर्दैवाचा वाटा मोठा, असा त्याचा अर्थ लावला गेला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो ठळक मथळ्यांत छापला.

या शोधांपैकी एकही खोटा नाही. आक्षेप आहे तो त्यांतून काढलेल्या निष्कर्षाला, म्हणजे जनुकातला बिघाड हाच कॅन्सर मानणाऱ्या जनुकवादाला.

जनुकातला बिघाड म्हणजेच कॅन्सर असेल, तर निरोगी शरीरात तो बिघाड क्वचितच सापडायला हवा. ब्रिटनमधल्या सँगर संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पापण्यांच्या शस्त्रक्रियेत काढून टाकलेली निरोगी त्वचा तपासली. तिच्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या पेशींत कॅन्सरशी निगडित जनुकीय बदल होते. २०१८ मध्ये त्यांनी अन्ननलिका पाहिली. मध्यम आणि उतार वयाच्या, अन्ननलिकेचा कोणताही विकार नसलेल्या माणसांत 'नॉच१' जनुकातला बदल १२ ते ८० टक्के पेशींत आढळला, म्हणजे अन्ननलिकेच्या प्रत्यक्ष कॅन्सरमध्ये आढळतो त्याहूनही अधिक प्रमाणात. ही माणसे जेवत होती, गिळत होती, त्यांना कसलाही त्रास नव्हता. २०२३ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेच्या गटाने फुप्फुसांचे २९५ निरोगी नमुने तपासले, तेव्हा १८ टक्क्यांत 'ईजीएफआर'चे आणि ५३ टक्क्यांत 'केआरएएस'चे कॅन्सरकारक बदल मिळाले. बिघाड इतका सार्वत्रिक असताना कॅन्सर मात्र काहींनाच होतो. ज्या कारणामागून कार्य घडतेच असे नाही ते पुरेसे कारण नव्हे, हा तर्कशास्त्राचा पहिला धडा इथे लागू पडतो.

मग बाकीचे काय लागते? याचे सर्वांत बोलके उत्तर राऊस यांच्याच कोंबडीने दिले आहे, आणि जनुकवादाच्या इतिहासात ते झाकले जाते म्हणून मी त्यावर थोडा रेंगाळतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मिना बिसेल आणि त्यांचे सहकारी डोल्बर्ग यांनी १९८४ साली अंड्यातल्या चार दिवसांच्या गर्भाला राऊसचा विषाणू टोचला. विषाणू पेशींत शिरला, 'सार्क' जनुक कामाला लागले, पण गाठ झाली नाही. त्याच पेशी गर्भातून सुट्या करून काचेच्या बशीत वाढवल्या, तेव्हा त्यांनी कॅन्सरचे रूप घेतले. दुसऱ्या वर्षी त्यांनी पिल्लांच्या एका पंखाला विषाणू टोचला. गाठ सुई टोचली तिथेच आली, विषाणू रक्तातून सगळीकडे फिरत असूनही. मग दुसऱ्या पंखाला मुद्दाम जखम केली, तर त्या जखमेच्या जागीही गाठ उगवली. म्हणजे ज्या जनुकाच्या पायावर सगळा सिद्धान्त उभा आहे, ते जनुकसुद्धा जखमेवाचून गाठ करू शकले नाही. सुई टोचणे हीही एक जखमच होती. ती जखम भरून येताना सुटणारी रसायने विषाणूला हवी होती.

याच अर्थाचा पुरावा त्याच्या चाळीस वर्षे आधीचा आहे. कॅन्सर-संशोधक आयझॅक बेरेनब्लम यांनी उंदरांच्या कातडीला कॅन्सरकारक रसायन इतके थोडे लावले की त्याने एकटे काही झाले नाही. नंतर त्याच जागी जमालगोट्याचे तेल पुन्हा पुन्हा चोळले. जमालगोट्याने कातडी किती भाजते ते आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना सांगायला नको. त्या उंदरांना गाठी आल्या. क्रम उलटा केला, आधी तेल आणि मग रसायन, तर गाठी आल्या नाहीत. पहिल्या रसायनाने जनुकात खूण केली; पण ती खूण गाठीपर्यंत नेली तेलाने पेटवलेल्या दाहाने आणि त्यातून होणाऱ्या सततच्या डागडुजीने.

१९८६ साली बॉस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड ड्व्होराक यांनी या सगळ्याला एक सूत्र दिले: गाठी म्हणजे न भरणाऱ्या जखमा. जखम होते तेव्हा रक्तवाहिन्या झिरपू लागतात, फायब्रिनचे जाळे पडते, पांढऱ्या पेशी धावून येतात, नव्या केशवाहिन्या फुटतात, तंतुपेशी कोलॅजेन विणतात, कडेच्या पेशी सरकत सरकत उघडी जागा झाकतात. काम झाले की हे सगळे थांबते. ड्व्होराक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की गाठीभोवती हाच सारा पसारा असतो, फक्त तो थांबत नाही. पेशी सरकणे, वाहिन्या फुटणे, सीमा ओलांडणे या ज्या गोष्टी आपण कॅन्सरचा क्रूरपणा म्हणून वर्णन करतो, त्या शरीराने स्वतःच्या दुरुस्तीसाठी शिकलेल्या आहेत.

माणसांतले पुरावे तर कुणी प्रयोगशाळेत न जाताही पाहू शकत होता. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये वर्णिलेला, जुन्या भाजल्याच्या चट्ट्यांवर होणारा व्रण आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यातून कॅन्सर होतो. काश्मीरमध्ये फेरन या सैल झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर कॅन्सर होई. मुंबईत टाटा मेमोरियलचे वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या काचामुळे त्याच रेषेत होणारा कॅन्सर नोंदवला. वर्षानुवर्षांचा काच, सोलवटणे, भरणे, पुन्हा सोलवटणे. त्या माणसांच्या कमरेचे जनुक पोटाच्या जनुकाहून वेगळे नव्हते.

आणि आज महाराष्ट्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या तोंडात आहे. 'मी तंबाखूला शिवत नाही, नुसती सुपारी खातो,' असे सांगणारे लाखो लोक आहेत. सुपारीतले अरेकोलिन तोंडाच्या आतल्या तंतुपेशींना जादा कोलॅजेन बनवायला लावते, आणि सुपारीतले इतर घटक ते कोलॅजेन विरघळू देत नाहीत. म्हणजे डागडुजी सुरू होते आणि मिटत नाही. आधी तिखट सोसेनासे होते, मग गालाची आतली कातडी पांढरी, चिवट होते, मग तोंड दोन बोटेही उघडत नाही. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले गेले, तेव्हा ७.६ टक्क्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. तंबाखू असो वा नसो, सुपारी स्वतः कॅन्सरकारक आहे हे आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने जाहीर करून दोन दशके उलटली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण मावा आणि खर्रा पानटपरीवर घोटून मिळतोच. ही जखम आपण हाताने करतो आणि रोज ताजी ठेवतो.

संसर्गाचेही असेच. २०१८ साली जगात नव्याने झालेल्या कॅन्सरपैकी सुमारे १३ टक्के कॅन्सर संसर्गामुळे झाले होते. हेलिकोबॅक्टर जंतू जठराच्या अस्तराला दाह देत राहतो. त्या दाहातून उपजणारा एक लसिका-कॅन्सर आहे; त्याच्या पेशी एकाच मूळ पेशीच्या वंशातल्या, म्हणजे जनुकवादाच्या कसोटीवर तो खराखुरा कॅन्सर. १९९३ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी अशा सहा रुग्णांना फक्त प्रतिजैविके दिली आणि पाच जणांत गाठ विरली. पेशींची जनुके दुरुस्त केली नव्हती, जंतू मारला होता. ज्यांच्या पेशींत गुणसूत्रांची एक विशिष्ट अदलाबदल होऊन बसलेली असते त्यांच्यात मात्र हा उपाय चालत नाही. म्हणजे जनुकाचा वाटा आहे, पण तो कथेच्या उत्तरार्धात निर्णायक होतो. पूर्वार्ध दाहाच्या हाती असतो.

आता त्या दुर्दैवाच्या हिशेबाकडे वळू. मूलपेशींचे विभाजन जास्त तिथे कॅन्सर जास्त, हे मान्य. पण विभाजनाचा आकडा कुणी जन्मताच लिहून ठेवलेला नसतो. निरोगी यकृताच्या पेशी क्वचितच विभागतात. हिपॅटायटिस बी झाला की त्या मरत राहतात आणि त्यांची जागा भरायला उरलेल्या विभागत राहतात. यकृताचे बहुतेक कॅन्सर चट्टे पडून कडक झालेल्या यकृतातच होतात ते यामुळे. तैवानने १९८४ पासून नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली आणि मुलांमधला यकृताचा कॅन्सर घटला. दैव म्हणून जे मोजले गेले, त्यातले पुष्कळसे लसीने हटले. शिवाय तो हिशेब अवयवाअवयवांतल्या फरकाचा होता. किती रुग्णांचा आजार निव्वळ योगायोगाने झाला, हे तो सांगतच नव्हता.

माझ्या बाजूवर येणारे आक्षेपही मला टाळायचे नाहीत. बीआरसीए१ जनुकात जन्मजात दोष असलेल्या स्त्रीला स्तनाच्या कॅन्सरचा धोका कोणतीही जखम नसताना मोठा असतो. अशा आनुवंशिक कॅन्सरांचे प्रमाण ५ ते १० टक्के आहे आणि तिथे जनुकचाचणीला पर्याय नाही. प्रत्येक दाह कॅन्सरकडे नेत नाही. आतड्याच्या सुरुवातीला अल्सर झालेल्यांना तर जठराचा कॅन्सर इतरांपेक्षा कमी होतो, आणि जंतू तोच, हेलिकोबॅक्टर, असतो. २०१७ मध्ये हृदयरोग्यांवरच्या दहा हजारांच्या एका चाचणीत दाह शमवणाऱ्या कॅनाकिनुमॅब औषधाने फुप्फुसाचा कॅन्सर कमी झालेला दिसला. पण कॅन्सर झालेल्यांवर तेच औषध वापरले तेव्हा ते अपेशी ठरले. माझ्या मते याचा अर्थ असा की दाहाला आवर घालायची वेळ गाठ होण्याआधीची आहे.

या विचाराचा एक गैरवापर मला स्पष्टपणे नाकारायचा आहे. 'चाकू लावला की कॅन्सर पसरतो' या समजुतीपायी आपल्याकडे माणसे सुईची तपासणी टाळतात, गाठ काढू देत नाहीत आणि हाती येणारा आजार हाताबाहेर घालवतात. शस्त्रक्रियेची जखम शरीरात काय घडवते हा अभ्यासाचा विषय जरूर आहे, आणि तो मुंबईतच झाला आहे. डॉ. राजेंद्र बडवे आणि टाटा मेमोरियलच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १६०० स्त्रियांवर चाचणी केली. गाठ काढण्याआधी तिच्याभोवती लिग्नोकेन हे साधे बधिर करण्याचे औषध टोचले, तर पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. तो निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया टाळा असे तो सांगत नाही. ती अधिक चांगली कशी करता येईल ते सांगतो.

जनुकवादाने निदान आणि औषध दोन्ही दिले, त्याचे ऋण मोठे आहे. पण तोच एकमेव खुलासा म्हणून लोकांपुढे ठेवला की कॅन्सर हा महागड्या चाचण्यांचा आणि दैवाचा विषय होऊन बसतो, आणि जे स्वस्तात टाळता येते त्याकडे पाठ फिरते. याची किंमत मोजतो तो गावातला माणूस. उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साह्याने, ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी एका गटात फक्त एकदा केली आणि दोष आढळलेल्यांवर उपचार केले. आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्या सेवेवर राहिलेल्या, किंचित लहान गटात ६४. हा निकाल २००९ साली छापला गेला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या एचपीव्ही लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. तुमच्या घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर तिला लस द्या, तिशी ओलांडलेली बाई असेल तर तिची तपासणी करून घ्या, आणि कुणी सुपारी चघळत असेल तर ती आजच सोडायला लावा.