पझुझूला नैवेद्य कशासाठी?

परवा एका मित्राने रील पाठवली. अंधारी खोली, काळ्या मेणबत्त्या, वाइनचा पेला आणि मधोमध पझुझूची रेझिनची मूर्ती. निवेदक सांगतोय की हा पाच हजार वर्षांपूर्वीचा सुमेरी विधी आहे, नैवेद्य दाखवला की पझुझू तुमच्या शत्रूंचं बघून घेतो. मित्राचा प्रश्न: "हे खरंच असं होतं का रे?" उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर मावेना, म्हणून इथे लिहितोय.

मुळात पझुझू सुमेरी नाहीच. तो दिसतो इ.स.पू. पहिल्या सहस्रकात, म्हणजे अ‍ॅसिरिया-बॅबिलोनियाच्या उत्तर काळात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याची जेमतेम १५ सेंटिमीटरची ब्राँझची मूर्ती आहे. तिच्या डोक्यावर अडकवायची कडी आहे. दुष्ट वाऱ्यांचा हा राजा दिसायला भयंकर, पण त्याचं काम काय? तर लमाश्तूला पळवून लावणं. लमाश्तू म्हणजे गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांच्या जिवावर उठलेली राक्षसीण. त्यामुळे पझुझूचं मुंडकं ताईत म्हणून वापरत. बाळंतिणीच्या खोलीचा राखणदार म्हणा ना! १९७३ च्या 'द एक्झॉर्सिस्ट' या सिनेमाने त्याला लहान मुलीला झपाटणारा सैतान करून टाकलं, आणि आज जगभर तीच ओळख चालते.

लमाश्तूला मात्र खरोखर अन्न देत. तिची मातीची मूर्ती करायची, पुढे भाकरी-पाणी ठेवायचं, शिवाय फणी, चाती, तेल, जोडे. ही सगळी प्रवासाची शिदोरी! लूव्रमधल्याच एका पाटीवर ती गाढवावर स्वार होऊन होडीतून निघालेली दिसते. बाई, हे घे आणि आमच्या घरातून चालती हो, असा मामला. आपल्याकडचा 'उतारा' हा शब्द इथे चपखल बसेल (संबंध जोडत नाहीये, फक्त शब्द उसना घेतोय). तिला बोलावून शक्ती मागायची, ही कल्पना ऐकून तिथल्या मांत्रिकाला घाम फुटला असता.

मग आजची ही भानगड आली कुठून? बरीचशी एका पुस्तकातून. 'नेक्रोनोमिकॉन' हा ग्रंथ मुळात एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराने कल्पनेने रचलेला, १९२० च्या दशकातला. तसा ग्रंथ अस्तित्वातच नव्हता. पण १९७७ मध्ये न्यूयॉर्कात 'सायमन' या टोपणनावाने त्याच नावाचं पुस्तक बाजारात आलं. त्यात सुमेरी-बॅबिलोनी देवांची खिचडी लव्हक्राफ्टच्या राक्षसांबरोबर शिजवलेली. १९८० ला स्वस्त पेपरबॅक निघाली आणि ती धडाक्यात खपली. त्यात 'मक्लू'चं एक प्रकरण आहे. खरा मक्लू हा नऊ पाट्यांचा अक्कादी संग्रह आहे. आपल्यावर झालेली करणी उलटवण्यासाठी रात्रभर चालणारा विधी, चेटकिणीच्या प्रतिमा जाळायचा. म्हणजे तोही बचावाचाच!

कोणी घरात मेणबत्ती लावून काय करावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझी तक्रार 'प्राचीन' या शिक्क्याबद्दल आहे. कारण त्या शिक्क्याखाली जे खरं होतं तेच झाकलं जातं.

खरं होतं ते 'किस्पु'. घरातल्या मेलेल्यांना जेवू घालणं, पाणी ओतणं आणि त्यांचं नाव घेणं. अमावास्येच्या सुमारास, आणि अबू महिन्यात (आपला जुलै-ऑगस्ट) विशेष करून. पितृपक्ष आठवेल, साहजिक आहे. पण दोन्हींचे धागे वेगळे. ऊर शहराच्या उत्खननात तर घरांच्या जमिनीखालीच कुटुंबाच्या कबरी सापडल्या. ज्याच्यावर ही जबाबदारी असे त्याला 'पाकिदु' म्हणत, म्हणजे काळजी घेणारा. ज्या मृताला पाकिदु नाही त्याचा आत्मा भटकतो, उपाशी राहतो आणि जिवंतांना छळतो. डोकेदुखी, कानात घुमणारा आवाज, असल्या दुखण्यांचं निदान 'भुताचा हात' असं लिहिलेलं सापडतं.

हे किती गंभीर होतं ते अशुरबनिपालने दाखवून दिलं. इ.स.पू. ६४७ च्या सुमारास त्याने एलामची राजधानी सुसा लुटली, तिथल्या राजांच्या कबरी फोडल्या आणि हाडं अ‍ॅसिरियात नेली. त्यांचं अन्नपाणी आपण तोडलं, असं तो शिलालेखात अभिमानाने सांगतो. मेलेल्या शत्रूला आणखी काय शिक्षा देणार?

याच्या उलट टोकाची एक पाटी आहे, त्याच्या हजारेक वर्षं आधीची. हम्मुरबीचा वंशज अम्मिसदुका याच्या काळातली. आधी पूर्वजांची लांबलचक नावं येतात. मग ज्यांची नावं पाटीवर नाहीत त्यांना बोलावणं आहे. मग राजाच्या मोहिमेत पडलेला सैनिक, राजपुत्र, राजकन्या. आणि शेवटी पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत ज्यांना पाणी द्यायला, नाव घ्यायला कुणीच उरलेलं नाही असे सगळे. त्या सगळ्यांनी यावं, खावं, प्यावं आणि अम्मिसदुकाला आशीर्वाद द्यावा, एवढंच मागणं आहे.