औद्योगिक ऊर्जाबचतीचा इतिहास : संगणकीय नियंत्रण आणि सामूहिक संशोधन (१९५९ ते २०१६)

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीनंतर कारखान्याची प्रगती मुख्यतः उत्पादनाच्या आकड्यांत मोजली गेली. एक टन मालामागे किती कोळसा, किती वाफ आणि किती वीज खर्ची पडली, हा हिशेब बराच काळ दुय्यम राहिला. इंधन स्वस्त असेपर्यंत या उपेक्षेची झळ फारशी जाणवली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र एकीकडे संगणक कारखान्यात आला आणि दुसरीकडे तेलसंकटाने इंधनाचा हिशेब उद्योगांसमोर ठेवला. प्रस्तुत लेखात या दोन्ही घडामोडींचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. मोजमाप, पद्धतशीर ज्ञान आणि ते ज्ञान वाटून घेण्याची व्यवस्था या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या, तेथेच ऊर्जाबचत रुजली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. संगणकाचा कारखान्यात प्रवेश

मार्च १९५९ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात, पोर्ट आर्थर येथील टेक्साको कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात आरडब्ल्यू-३०० हा संगणक प्रक्रिया-नियंत्रणासाठी कार्यान्वित झाला. थॉम्सन रामो वूल्ड्रिज या कंपनीने तो तयार केला होता. एका बहुलकीकरण संयंत्रातील २६ प्रवाह, ७२ तापमाने, ३ दाब आणि ३ रासायनिक संघटने त्याच्या देखरेखीखाली होती. पाच अभिक्रियापात्रांमध्ये कच्चा माल कसा विभागावा, हे ठरविणे त्याच्या मुख्य कामांपैकी एक होते. येथे संगणकाचा हेतू उत्पादन वाढविणे हाच होता. इंधनबचत हे स्वतंत्र उद्दिष्ट नव्हते.

१९६२ मध्ये इंग्लंडमध्ये इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज अर्थात आयसीआय या कंपनीने पुढचे पाऊल टाकले. फेरांटी कंपनीच्या आर्गस संगणकाने तेथील एका कारखान्यातील २२४ राशी मोजल्या आणि १२९ झडपा थेट नियंत्रित केल्या. जुनी नियंत्रण-उपकरणे पूर्णपणे बाजूला सारण्यात आली. मात्र सर्व भार एकाच संगणकावर असल्याने तो बंद पडला की कारखानाही अडचणीत येत असे. १९७१ मध्ये सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आल्यानंतर हा दोष दूर करण्याची वाट मोकळी झाली. १९७५ मध्ये हनीवेल कंपनीची टीडीसी २००० आणि योकोगावा कंपनीची सेंटम या विकेंद्रित नियंत्रण प्रणाली बाजारात आल्या. नियंत्रणाचे काम अनेक लहान घटकांत विभागले गेले आणि कारखान्यातील नोंदी सातत्याने, एकत्रितपणे उपलब्ध होऊ लागल्या.

२. तेलसंकट आणि ‘पिंच’ पद्धती

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले. सुमारे ३ डॉलर असलेला पिंपाचा दर १९७४ च्या प्रारंभी १२ डॉलरच्या जवळ गेला. १९७९ मध्ये दुसरे संकट आले. रासायनिक उद्योगात ‘आणखी किती उत्पादन?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘किमान किती उष्णता पुरेल?’ हा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाचे समर्पक उत्तर देणाऱ्यांमध्ये बोडो लिनहॉफ यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. लीड्स विद्यापीठात जॉन फ्लॉवर यांच्यासमवेत त्यांनी केलेले संशोधन १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणत्याही रासायनिक कारखान्यात काही प्रवाह तापवावे लागतात, तर काही थंड करावे लागतात. गरम प्रवाहांतील उष्णता थंड प्रवाहांना दिली, तर बाहेरच्या इंधनाची गरज घटते. परंतु उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडेच वाहते. त्यामुळे अशा देवाणघेवाणीला मर्यादा असते. सर्व गरम प्रवाहांचा एक आणि सर्व थंड प्रवाहांचा दुसरा असे दोन एकत्रित आलेख काढले, तर ते एका ठिकाणी परस्परांच्या अगदी जवळ येतात. चिमटीत सापडल्यासारख्या या जागेला ‘पिंच’ असे नाव मिळाले.

पिंचच्या वरच्या तापमानाच्या भागात बाहेरून थंडावा देऊ नये, खालच्या भागात बाहेरून उष्णता देऊ नये आणि पिंच ओलांडून उष्णता खाली जाऊ देऊ नये, हे या पद्धतीचे तीन नियम होत. तिसरा नियम मोडल्यास दुहेरी भुर्दंड पडतो. समजा १०० किलोवॅट उष्णता पिंच ओलांडून खाली गेली. तर वरच्या भागात १०० किलोवॅट अधिक उष्णता पुरवावी लागते आणि खालच्या भागात तेवढीच अधिक उष्णता थंड पाण्याबरोबर वाया घालवावी लागते. आराखडा करण्यापूर्वीच किमान इंधनाचे उद्दिष्ट सांगता येणे, हे या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य होते. त्यामुळे चालू कारखाना त्या उद्दिष्टापासून किती दूर आहे, हेही कळू लागले.

विशेष म्हणजे या पद्धतीचा गाभा कागद-पेन्सिलीने समजण्याजोगा होता. लिनहॉफ १९७७ मध्ये आयसीआयमध्ये दाखल झाले होते. तेथील प्रकल्पांचे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा आधीच काटकसरीचे मानल्या गेलेल्या आराखड्यांतही सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास ऊर्जाबचत शक्य असल्याचे दिसून आले. शेकडो प्रवाहांच्या कारखान्यात हीच आकडेमोड वेगाने करण्यासाठी संगणक उपयोगी पडला. थोडक्यात, आधी विचारपद्धती सापडली आणि संगणकाने तिला गती दिली.

३. स्पर्धकांचे सामायिक संशोधन

आयसीआयने ही पद्धती आपल्या भिंतींआड ठेवली असती, तर तिचा लाभ एका कंपनीपुरता राहिला असता. प्रत्यक्षात १९८२ मध्ये ब्रिटनमधील रासायनिक अभियंत्यांच्या संस्थेने या विषयावर मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी लिनहॉफ मँचेस्टरच्या युमिस्ट या संस्थेत आले आणि १९८४ मध्ये तेथे प्रक्रिया-एकात्मीकरणाचा संशोधन संघ स्थापन झाला. बाजारात परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या सदस्यशुल्क भरून मूलभूत पद्धतीवरील संशोधनात सहभागी झाल्या. आपापल्या मालाची गुपिते त्यांनी राखली. उष्णतेचे गणित मात्र सर्वांचे मानले. ही विभागणी औद्योगिक संशोधनाच्या इतिहासात लक्षणीय ठरते.

या विद्याशाखेचा महाराष्ट्राशीही संबंध आला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील उदय शेणॉय यांचा उष्णता-विनिमयक जालांच्या रचनेवरील इंग्रजी ग्रंथ १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

२०१६ मध्ये अमेरिकेत शासन, विद्यापीठे आणि उद्योग यांच्या सहभागातून स्मार्ट उत्पादनाला वाहिलेली एक राष्ट्रीय संस्था घोषित झाली. लॉस एंजेलिस येथे मुख्यालय असलेल्या या संस्थेला शासनाकडून ७ कोटी डॉलर आणि तेवढाच वाटा भागीदारांकडून अपेक्षित होता. त्यापूर्वी याच गटाने प्रॅक्सएअर कंपनीच्या हायड्रोजन प्रकल्पातील भट्टीवर प्रयोग केला होता. अशा भट्टीत सर्वाधिक तापलेली नळी संपूर्ण भट्टीची मर्यादा ठरवते. अवरक्त कॅमेऱ्यांनी नळ्यांची तापमाने मोजून आणि संगणकीय प्रतिकृतीच्या आधारे ज्योतींचे वाटप समतोल करून इंधन वाचविणे, हा त्या प्रयोगाचा हेतू होता.

४. भारतातील वाटचाल

भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्युरोची स्थापना झाली. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘पॅट’ योजनेने औष्णिक वीज, सिमेंट, पोलाद, खते, कागद आदी आठ क्षेत्रांतील ४७८ मोठ्या ऊर्जाग्राहकांना उत्पादनाच्या प्रत्येक एककामागील ऊर्जावापर घटविण्याची उद्दिष्टे दिली. २०१५ पर्यंतच्या पहिल्या चक्रात ६६.८६ लाख टन तेलतुल्य बचतीचे लक्ष्य होते; प्रत्यक्षात ८६.७ लाख टन बचत झाली. मोजमाप सक्तीचे झाल्यावर बचतही साधते, याचा हा पुरावा होय.

परंतु ही यादी मोठ्या कारखान्यांची होती. कोल्हापूरच्या लहान ओतशाळा किंवा इचलकरंजीचे यंत्रमाग अशा यादीत बसत नाहीत. त्यांच्याकडे स्वतंत्र संशोधन विभाग नसतो. अनेकदा इंधनाच्या मापनाची पुरेशी साधनेही नसतात. या संदर्भात १९९० च्या दशकातील हावड्याचा प्रयोग उल्लेखनीय आहे. टेरी ही संशोधन संस्था आणि स्वित्झर्लंडची विकास सहकार्य यंत्रणा यांनी तेथील लघु ओतशाळेसाठी, ब्रिटिश तज्ज्ञांच्या साहाय्याने, हवेचा झोत दोन पातळ्यांवर विभागणारी कुपोला भट्टी उभारली आणि कोकची बचत साधली. जे एकट्या ओतशाळेला परवडले नसते, ते सहकार्याने शक्य झाले.

निष्कर्ष

या इतिहासातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, संगणकाच्या आगमनानंतरही इंधन महागेपर्यंत ऊर्जाबचत हे स्वतंत्र उद्दिष्ट बनले नाही. दुसरी, पद्धतशीर ज्ञानाशिवाय मोजमापांचा ढीग निरुपयोगी ठरतो. तिसरी, ऊर्जेचे मूलभूत ज्ञान सामायिक ठेवल्याने स्पर्धेला बाध येत नाही. सहकाराची दीर्घ परंपरा असलेल्या महाराष्ट्रात ही तिसरी बाब अपरिचित वाटू नये. साखर आणि दूध यांसाठी एकत्र आलेल्या समाजाने लहान उद्योगांच्या मापनासाठी व संशोधनासाठीही एकत्र येणे, हे या इतिहासाचे तर्कशुद्ध पुढचे पाऊल ठरेल. तसे न झाल्यास ऊर्जाबचतीचे ज्ञान मोठ्या कारखान्यांच्या नियंत्रण-कक्षांपुरतेच सीमित राहील आणि वाढत्या इंधनखर्चाचा भार लहान उद्योगांना व तेथील कामगारांना सोसावा लागेल.